रोमन कायदा वाचायला घेताना: क्रम, वह्या आणि नेहमीच्या चुका

रोमन कायदा शिकायचा म्हटलं की बहुतेक जण दोनपैकी एका वाटेनं जातात. काही जण बारा पाट्यांपासून, म्हणजे ट्वेल्व्ह टेबल्सपासून सुरुवात करतात, कारण त्या सगळ्यात जुन्या. बाकीचे लॅटिन सुभाषितांची यादी पाठ करतात. पहिल्यांना महिनाभरात कळतं की आपण फुटक्या खापरांसारखी अर्धवट वाक्यं वाचतोय. दुसऱ्यांना कधीच काही कळत नाही, पण परीक्षेत मार्क पडतात, त्यामुळे त्यांची तक्रारही नसते.

आमच्या छोट्या अभ्यासगटात वकील आहेत, विद्यार्थी आहेत, एक निवृत्त बँक अधिकारीही आहेत. प्रत्येक नवी तुकडी त्याच ठिकाणी घसरते, म्हणून हा क्रम एकदा लिहून ठेवतोय. सोय आहे ती फक्त 'पाया' समजून घेण्याची: व्यक्ती, वस्तू, देणी-घेणी आणि दावे. फौजदारी कायदा, राज्यव्यवस्था, करप्रणाली यात येत नाही. रोज तासभर दिला तर साधारण चार महिने लागतात. कुणी तीन आठवड्यांत संपवल्याचं सांगितलं तर त्यानं सारांश वाचलाय असं खुशाल समजा.

## तयारी

टेबलावर तीन ग्रंथ हवेत, आणि ते याच क्रमानं उघडायचे.

पहिला रोमन कायदेपंडित गायसचा 'इन्स्टिट्यूट्स'. इसवी सन १६१च्या आसपासचं हे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं पाठ्यपुस्तक. चार भाग आहेत. शास्त्रीय काळातला एवढा सलग मजकूर जवळपास मूळ रूपात हाती असलेला हा एकच, म्हणून सगळा डोलारा यावर उभा करायचा. दुसरा सम्राट जस्टिनियनचा 'इन्स्टिट्यूट्स', इसवी सन ५३३चा. बराचसा गायसवरच बेतलेला. तिसरा त्याच वर्षीचा 'डायजेस्ट', म्हणजे जुन्या कायदेपंडितांच्या लिखाणातल्या उताऱ्यांचा संग्रह, पन्नास भागांचा. तो विकत घ्यायची घाई नको. पहिले तीन महिने त्याचं एकही पान लागणार नाही.

गायसची प्रत एका बाजूला लॅटिन आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अशी घ्या. लॅटिन येत नसलं तरी. डोळ्यांना मूळ शब्द दिसत राहिला पाहिजे, कारण भाषांतरकार 'ऑब्लिगेशिओ'ला कधी 'कर्तव्य' म्हणतो, कधी 'करार', आणि तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी समजून बसता. १९३२ साली निघालेलं स्कॉट यांचं इंग्रजी भाषांतर जालावर फुकट मिळतं. मजकूर कशाबद्दल आहे एवढं पाहायला ते ठीक आहे, पण त्यातल्या शब्दावर युक्तिवाद उभा करू नका. ॲलन वॉटसन यांच्या संपादनाखाली १९८५ साली आलेलं डायजेस्टचं भाषांतर त्याहून खूपच भरवशाचं.

दोन वह्या घ्या. एक शब्दांची, एक दाव्यांची. शब्दांच्या वहीत प्रत्येक लॅटिन संज्ञा देवनागरीत, पुढे तिचा अर्थ एका वाक्यात. मराठी प्रतिशब्द शोधायचा मोह टाळा. 'डोमिनियम' म्हणजे 'मालकी' लिहून मोकळं झालात की आपल्याकडच्या मालकीचे सगळे संस्कार त्या शब्दाला चिकटतात. साठ-सत्तर शब्दांत काम भागतं.

तपासा: गायसच्या प्रतीत परिच्छेदांना आकडे आहेत ना? आकडे नसतील तर ती प्रत परत करा. संदर्भ देता-घेता येणार नसेल तर पुढचं सगळं वाया.

## टप्पा १: तीन काळांची तीन अक्षरं

इतिहास वाचत बसायचं नाही. फक्त तीन खुणा ठरवायच्या. 'पा' म्हणजे बारा पाट्यांचा काळ, परंपरेनं इसवी सनपूर्व ४५१-४५०. 'शा' म्हणजे शास्त्रीय काळ, ढोबळमानानं इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सन २३५च्या आसपासपर्यंत. 'ज' म्हणजे जस्टिनियन, ५२९ ते ५३४ ही मुख्य वर्षं. वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे यांपैकी एक अक्षर लिहायचंच.

हे किरकोळ वाटतं, पण निम्मे गोंधळ इथेच मिटतात. पाट्या आणि जस्टिनियन यांच्यात जवळपास हजार वर्षं आहेत. 'रोमन कायद्यात मालकी अशी हस्तांतरित होते' असं वाक्य लिहिलंत की पहिला प्रश्न येतो: कधीच्या? गायसच्या काळात जमीन आणि बैल यांच्यासाठी एक विधी लागतो. जस्टिनियननं ५३१ साली तो भेदच रद्द केला. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. अक्षर नसेल तर दोन्ही चूक.

## टप्पा २: संदर्भ वाचायला शिका

गायसचा संदर्भ सोपा आहे. 'गायस २.१६' म्हणजे दुसरा भाग, सोळावा परिच्छेद.

डायजेस्टचा संदर्भ चार पायऱ्यांचा असतो. 'डी ९.२.७.४' म्हणजे नववा भाग, दुसरं प्रकरण, सातवा उतारा, 'चार' आकड्याचा परिच्छेद. उताऱ्याच्या पहिल्या परिच्छेदाला आकडा नसतो. तो 'पीआर', म्हणजे प्रिन्सिपियम, आरंभ. त्यामुळे ज्याला 'एक' आकडा आहे तो प्रत्यक्षात दुसरा परिच्छेद. आमच्या गटात दर वेळी कुणीतरी एक घर चुकतो आणि मग पंधरा मिनिटं भलत्याच मजकुरावर वाद चालतो.

प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर एक ओळ असते: कोणत्या कायदेपंडिताच्या कोणत्या ग्रंथातून हा तुकडा उचललाय. ती ओळ गाळून वाचू नका. डायजेस्टमधला सुमारे चाळीस टक्के मजकूर एकट्या उल्पियनचा आहे, पण उल्पियन सतत आधीच्या पंडितांची मतं सांगत असतो. तेव्हा प्रत्येक वाक्याला विचारायचं की बोलतंय कोण? उल्पियन, की त्यानं उद्धृत केलेला प्रोक्युलस?

इशारा: हे पंडित न्यायाधीश म्हणून लिहीत नव्हते आणि त्यांची मतं निकालपत्रं नव्हती. हायकोर्टाचे निकाल वाचायची सवय असलेल्यांनी हे वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावं.

## टप्पा ३: चौथा भाग आधी वाचा

हा सल्ला पुष्कळांना विचित्र वाटतो. गायस स्वतः १.८ मध्ये सांगतो की आपला सगळा कायदा व्यक्ती, वस्तू किंवा दावे यांच्याशी संबंधित असतो, आणि त्याच क्रमानं तो लिहितो. दावे सगळ्यात शेवटी, चौथ्या भागात. मी तो आधी वाचायला लावतो. रोमन पंडिताच्या डोक्यात 'माझा हक्क काय' हा प्रश्न पहिला नसतो. 'कोणता दावा मिळेल' हा असतो. दाव्याचा साचा कळल्याशिवाय पहिले तीन भाग म्हणजे व्याख्यांची रास.

४.३०पासून सुरू करा आणि ४.६०पर्यंत या. त्याआधीचं जुन्या पाच विधींचं वर्णन शेवटच्या टप्प्यासाठी ठेवा.

खटला दोन पायऱ्यांत चालतो, हे आधी पक्कं करा. पहिली पायरी प्रेटरसमोर. प्रेटर हा दरवर्षी निवडून येणारा अधिकारी. तो पुरावा बघत नाही आणि निकालही देत नाही. वादाचा मुद्दा काय, एवढं ठरवून तो एक लेखी साचा मंजूर करतो: 'फॉर्म्युला'. दुसरी पायरी 'युडेक्स'समोर. हा सरकारी न्यायाधीश नसतो, एक खासगी नागरिक असतो. तो पुरावा ऐकतो आणि साच्यात लिहिलंय तेवढंच ठरवतो.

सगळ्यात साधा साचा मराठीत असा होईल ('सेस्टर्स' हे रोमन नाणं):

'नुमेरियस नेगिदियसनं आउलस आगेरियसला दहा हजार सेस्टर्स देणं लागतं असं दिसून आलं, तर न्यायकर्त्या, नुमेरियस नेगिदियसला आउलस आगेरियसच्या बाजूनं दहा हजार सेस्टर्सचा दंडादेश दे. तसं दिसून आलं नाही, तर त्याला मोकळा कर.'

ही दोन्ही नावं बनावट आहेत, आपल्या 'अ' आणि 'ब'सारखी. आगेरियसमध्ये 'दावा लावणं' आहे, नेगिदियसमध्ये 'नाकारणं'. एकदा हे लक्षात आलं की वादी कोण, प्रतिवादी कोण हे नावावरूनच कळतं.

साच्याचे भाग वेगवेगळ्या शाईनं रंगवा. 'दिसून आलं तर' हा वादीच्या मागणीचा भाग, 'इंटेन्शिओ'. 'दंडादेश दे' हा 'कॉन्डेम्नाशिओ'. काही साच्यांत सुरुवातीला हकिगत येते, ती 'डेमॉन्स्ट्राशिओ'. वाटणीच्या दाव्यात 'अडज्युडिकाशिओ' येतं. चारही भाग प्रत्येक साच्यात नसतात. ते असायलाच हवेत असं समजणं ही नेहमीची चूक.

आता प्रतिवादीची बाजू. समजा दहा हजारांचं वचन दिलंय खरं, पण ते फसवून घेतलेलं आहे. जुन्या काटेकोर कायद्यानुसार वचन ते वचन. प्रेटर कायदा बदलत नाही. तो साच्यात एक अट घुसवतो: 'या प्रकरणात आउलस आगेरियसनं कपटानं काही केलेलं नसेल आणि करत नसेल, तर'. ही 'एक्सेप्शिओ', ४.११९ पाहा. देणं शिल्लकच राहतं, पण दंडादेश होत नाही. रोमन कायद्याची अर्धी गंमत या एका अटीत आहे, म्हणून इथे दोन-तीन दिवस थांबायला हरकत नाही. प्रेटर असाच पोटकलमं जोडत गेला आणि जुन्या कायद्याला हात न लावता त्याच्या शेजारी दुसरा कायदा उभा राहिला.

दोन तपशील हमखास निसटतात. एक, दंडादेश नेहमी पैशात होतो (४.४८). तुमची गाय परत मागितलीत तरी शेवटी हातात गायीची किंमत पडू शकते. दोन, ठरावीक रकमेच्या दाव्यात देण्यापेक्षा जास्त मागितलंत तर सगळाच दावा जातो (४.५३). आपल्याकडे दाव्यात रक्कम फुगवून मागायची आणि कोर्ट देईल तेवढं घ्यायचं ही सवय असलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

तपासा: पुस्तक मिटा आणि एक साचा स्वतः लिहा: शेजाऱ्याला पाचशे सेस्टर्स उसने दिले, तो म्हणतो की 'यंदा मागणार नाही' असं तुम्हीच कबूल केलं होतंत. अट कुठे बसवाल? मागणी आणि दंडादेश यांच्या मधे बसली असेल, तर पुढे चला.

## टप्पा ४: व्यक्ती, आणि 'कर्ता' नावाचा खड्डा

पहिला भाग भरभर वाचता येतो. गुलाम की स्वतंत्र, नागरिक की परका, स्वतःच्या अधिकारात की दुसऱ्याच्या, हे तीन प्रश्न प्रत्येक माणसाला लावत जायचं.

मराठी वाचक हमखास अडकतो तो 'पातेरफामिलियास' या शब्दाशी. एकत्र कुटुंब डोळ्यासमोर असतं, त्यामुळे तो लगेच लिहितो: 'पातेरफामिलियास म्हणजे कर्ता'. साफ चूक. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मानंच हक्क मिळतो; कर्ता ती मिळकत सांभाळतो, आणि कायदेशीर गरज वगैरे असल्याशिवाय त्यानं विकली तर मुलगा कोर्टात जातो. रोममध्ये बाप जिवंत असेपर्यंत मुलाचं काहीच नसतं. मुलानं कमावलेलंही बापाचं. बाप सांभाळणारा नाही, मालक आहे.

आणि हे मुलगा सज्ञान झाला म्हणून संपत नाही. पन्नाशीचा, नातवंडं असलेला, मोठ्या पदावरचा माणूसही बापाच्या अधिकाराखाली असू शकतो. बाप त्याला 'पेकुलियम' म्हणून काही रक्कम वापरायला देतो, ती कायद्यानं बापाचीच राहते. सैनिकी कमाईचा अपवाद पुढे आला. गायस स्वतःच म्हणतो (१.५५) की मुलांवर एवढा अधिकार असलेले लोक क्वचितच दुसरे कुणी असतील.

दत्तकाचंही तसंच. स्वतःच्या अधिकारातला माणूस दत्तक गेला तर तो 'आड्रोगाशिओ', बापाच्या अधिकाराखालचा गेला तर 'आडॉप्शिओ' (१.९९). दोन्हींचा विधी वेगळा. आपल्या दत्तकविधानाशी तुलना नंतर, दोन्ही बाजू नीट कळल्यावर करा.

१.१९० मात्र सावकाश वाचा. प्रौढ बायकांवर पालक का नेमायचा, तर त्या चंचल असतात आणि फसतात, असं कारण दिलं जातं. गायस म्हणतो की हे कारण दिसायला बरं, पण खरं नाही. कायद्याचं पाठ्यपुस्तक कायद्यालाच चिमटा काढतंय.

## टप्पा ५: वस्तू, मालकी आणि ताबा

दुसऱ्या भागात पाय ठेवण्यापूर्वी एक गोष्ट. गायसच्या 'वस्तू'मध्ये हाताला लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या, दोन्ही येतात (२.१२ ते २.१४). वारसा ही वस्तू, देणं-घेणं हीसुद्धा वस्तू. त्यामुळे करार शोधायला वेगळा भाग उघडू नका, तो याच डब्यात आहे.

मग 'रेस मान्किपी'. इटलीतली जमीन, गुलाम, ओढकामाची आणि ओझ्याची जनावरं, शेतजमिनीवरचे जुने वाटेचे-पाण्याचे हक्क. यांची मालकी पूर्णपणे द्यायची तर 'मान्किपाशिओ' लागतं: पाच सज्ञान नागरिक साक्षीदार, तराजू धरणारा सहावा, आणि ठरलेले शब्द (१.११९). बाकी वस्तू नुसत्या हाती दिल्या की झालं.

यादी पाठ करू नका, २.१६ वाचा. हत्ती आणि उंट कुठे बसतात? त्यांना जुंपतात, त्यांच्यावर ओझं लादतात, तरी ते या यादीत नाहीत. का, तर यादी ठरली तेव्हा या प्राण्यांचं नावही माहीत नव्हतं. रोमन वर्गवारी तर्कातून उतरलेली नसून शेतकऱ्याच्या गोठ्यातून आलेली आहे, हे या एका परिच्छेदातून कळतं.

समजा बैल नुसता हाती दिला, विधी केलाच नाही. घेणारा जुन्या कायद्यानं मालक नाही. तरी प्रेटर त्याला संरक्षण देतो, आणि एक वर्ष ताबा राहिला की तो पुरा मालक होतो. जमिनीला दोन वर्षं. हे 'उसुकापिओ' (२.४१ आणि २.४२).

इशारा: इथे 'अॅडव्हर्स पझेशन' असं लिहिलंत तर नोंद फाडून टाका. आपल्या १९६३च्या मुदत कायद्यानुसार बारा वर्षं खऱ्या मालकाच्या विरोधात उघडपणे ताबा ठेवला की मालकाचा हक्क मावळतो. प्रामाणिकपणा त्यात लागत नाही. उसुकापिओला सद्भाव लागतो आणि खरेदी, बक्षीस असं वैध कारणही लागतं. चोरीची वस्तू प्रामाणिक माणसाच्या हाती आली तरी तिचं उसुकापिओ होत नाही (२.४५). दोन्हींत वर्षं मोजतात, एवढंच साम्य.

ताबा आणि मालकी यांच्याबद्दल उल्पियनचं एक वाक्य आहे, डी ४१.२.१२.१: मालकीचं ताब्याशी काहीही समान नाही. सातबाऱ्यावर 'कब्जेदार' वाचून मालक ठरवायची सवय असेल तर हे वाक्य पचायला वेळ लागतो. दोन वेगळ्या वाटा, दोन वेगळे उपाय. ताब्याच्या वादात प्रेटर मनाई हुकूम काढतो, मालकीच्या वादात दावा चालतो. जो ताब्यात जिंकतो तो मालकीच्या दाव्यात प्रतिवादी होऊन निवांत बसतो, आणि पुराव्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं.

## टप्पा ६: देणी-घेणी

तिसरा भाग, ३.८८पासून. एखादं देणं करारातून उभं राहतं किंवा अपकृत्यातून.

कराराची मोठी चूक एकच: 'दोघांचं एकमत झालं, म्हणजे करार झाला' असं गृहीत धरणं. रोममध्ये नुसत्या कबुलीवर दावा मिळत नाही. करार चार दारांतूनच आत येतो (३.८९): वस्तू दिल्यानं, ठरावीक शब्दांनी, हिशेबवहीतल्या नोंदीनं, किंवा संमतीनं. संमतीच्या दारातून फक्त चौघांना प्रवेश: विक्री, भाडं-मजुरी, भागीदारी आणि बिनमोबदला सोपवलेलं काम. आपला व्यवहार यात बसत नसेल तर 'स्टिपुलाशिओ' करा, म्हणजे समोरासमोर प्रश्न आणि त्याच शब्दात उत्तर: 'वचन देतोस?' 'देतो.' एकदा प्रश्नोत्तर झालं की कोणतीही कबुली दाव्यास पात्र.

विक्रीपाशी मराठी वाचकाला एक फायदा आहे, तो जरूर घ्या. साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक आपल्याला घरातूनच माहीत असतो. रोमन विक्रीचा करार मालकी देत नाही. त्यानं दोघांवर फक्त बंधनं येतात. मालकी पुढे मान्किपाशिओनं किंवा वस्तू हाती देण्यानं जाते. साठेखताचं चित्र डोळ्यापुढे ठेवलं की हे लगेच बसतं. उपमा मात्र इथेच सोडा, कारण पुढची पायरी तिच्यात मावत नाही: करार पक्का झाला की माल हाती येण्याआधीच नुकसानीचा धोका खरेदीदाराच्या डोक्यावर जातो.

अपकृत्यं गायस चार सांगतो (३.१८२): चोरी, जबरी चोरी, मालाचं नुकसान, व्यक्तीचा अवमान. चोरी इथे का, हा प्रश्न पडायलाच हवा. ज्याची वस्तू गेली तो स्वतः दावा लावतो आणि रंगेहाथ सापडलेल्या चोराकडून चौपट, इतर चोराकडून दुप्पट वसूल करतो. फिर्यादी सरकार नाही. 'थेफ्ट' वाचून दंडसंहिता आठवली की समजा, वाट चुकली.

## टप्पा ७: आता एकच उतारा, पण मुरेपर्यंत

तीन महिने झाले असतील तर डायजेस्ट उघडा. फक्त नवव्या भागाचं दुसरं प्रकरण, लेक्स आक्विलियावरचं. हा कायदा मालाच्या नुकसानीचा. पहिलं कलम: दुसऱ्याचा गुलाम किंवा कळपातलं चौपायी जनावर अन्यायानं मारलं तर त्या वर्षातली त्याची सर्वाधिक किंमत द्यायची. तिसरं कलम इतर नुकसानीचं, तिथे तीस दिवसांचा हिशेब.

उतारा घ्या डी ९.२.११चा आरंभ. काही जण चेंडू खेळतायत. एकानं जोरात मारला, चेंडू न्हाव्याच्या हातावर आदळला, आणि न्हावी ज्या गुलामाची दाढी करत होता त्याचा गळा वस्तऱ्यानं कापला गेला. मेला नावाचा पंडित म्हणतो: ज्याचा दोष असेल तो जबाबदार. प्रोक्युलस म्हणतो: दोष न्हाव्याचा. पुढे उल्पियन भर घालतो: नेहमी खेळ चालतो किंवा वर्दळ असते अशा जागी तो दाढी करत असेल, तर त्याच्याकडे बोट दाखवता येईल. पण धोक्याच्या जागी खुर्ची मांडून बसलेल्या न्हाव्याच्या हाती जो मान देतो, त्यानं स्वतःलाच बोल लावावा, हेही वाईट सांगितलेलं नाही.

दाव्यांच्या वहीत चार रकाने आखा: काय घडलं, दावा कोणाचा, मतं कोणाची, निकाल काय. दुसरा रकाना बहुतेक चुकतात. दावा गुलामाच्या घरच्यांचा नाही, त्याच्या मालकाचा आहे, कारण कायद्याच्या नजरेत गेलं ते मालकाचं धन. वाचताना घशाशी येतं ते येऊ द्या, पण रकान्यात 'मालक' असंच लिहा. तिसऱ्या रकान्यात तीन नावं हवीत. चौथा रकाना कोराच राहतो, आणि ते बरोबर आहे. उल्पियन निकाल देत नाही, कसोटी देतो.

शेवटच्या वाक्यावर एक जण हमखास म्हणतो, 'म्हणजे दोघांत नुकसान वाटून घ्यायचं'. मजकुरात वाटणीचा शब्दही नाही. तो विचार आपण आजच्या कायद्यातून आत आणतो.

तपासा: गुलामाऐवजी स्वतंत्र माणूस असता तर पहिल्या कलमाखाली दावा कुणी लावला असता? उत्तर 'कुणीच नाही' असं आलं आणि का ते सांगता आलं, तर कलम समजलं.

## टप्पा ८: गायस आणि जस्टिनियन शेजारी-शेजारी

दोन्ही पुस्तकांतला एकच प्रश्न घेऊन ताडून पाहा. माझा आवडता: दुसऱ्याच्या द्राक्षांची मी दारू केली, तर दारू कुणाची? गायस २.७९ मध्ये दोन पंथांची भांडणं सांगतो. सॅबिनसचे अनुयायी म्हणतात द्राक्षांच्या मालकाची, प्रोक्युलसचे म्हणतात करणाऱ्याची. जस्टिनियन (२.१.२५) मधला मार्ग काढतो: वस्तू पुन्हा मूळ रूपात आणता येत असेल तर मालाच्या मालकाची, नसेल तर करणाऱ्याची. चांदीचं भांडं वितळवता येतं, दारूची द्राक्षं होत नाहीत.

वहीत एका ओळीत 'शा' आणि 'ज' अशी दोन खाती पाडा. असे आठ-दहा प्रश्न झाले की कळतं, जस्टिनियनच्या संपादकांनी जुन्या मजकुरावर कात्री चालवली होती. डायजेस्टमध्ये शास्त्रीय पंडित मान्किपाशिओच्या जागी नुसतं 'हाती देणं' बोलताना दिसला, तर संशय घ्या. मात्र प्रत्येक न पटणाऱ्या वाक्याला 'हे मागाहून घुसडलेलं' म्हणायची सवय नको. तसा काळ विद्वानांवरही येऊन गेला आणि त्यातून त्यांनाच मागे फिरावं लागलं.

गोव्याच्या वाचकांना या टप्प्यावर मोह होतो. तिथे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०पासून लागू झाली आणि तिचं मूळ रोमन परंपरेत आहे, हे खरं. पण 'लेजितिमा' हा शब्द ओळखीचा म्हणून हिशेबही तोच असेल असं नाही. गोव्यात मृत्युपत्रानं हात लावता येत नाही असा वाटा निम्मा. शास्त्रीय रोममध्ये तो चौथाई होता आणि जस्टिनियननं पुढे वाढवला. आजच्या कायद्यावरून मागे वाचू नका.

## टप्पा ९: बारा पाट्या, सगळ्यात शेवटी

आता त्या उघडा. मूळ पाट्या हरवल्या आहेत. आहे ते नंतरच्या लेखकांनी दिलेल्या उताऱ्यांतून जोडलेलं, आणि पाटीचे-कलमांचे आकडेही आधुनिक अभ्यासकांनी दिलेले. म्हणून प्रत्येक कलमापुढे ते कुणी सांगितलंय हे लिहा: गायस, सिसेरो की प्लिनी.

सोबत टप्पा तीनमध्ये मागे ठेवलेला गायसचा भाग घ्या, ४.११पासून. एका माणसाच्या द्राक्षवेली कुणीतरी तोडल्या. त्यानं दावा लावला, विधीत 'वेली' हा शब्द उच्चारला आणि हरला. पाट्यांमध्ये 'झाडं' असा शब्द होता, त्यानं 'झाडं' म्हणायला हवं होतं.

ही गोष्ट पहिल्याच दिवशी वाचली असती तर रोमन लोक वेडे वाटले असते. आता टप्पा तीनमधला स्वतः लिहिलेला साचा समोर ठेवा आणि तोच वेलींचा दावा प्रेटरच्या पद्धतीनं लिहून काढा. वादी आउलस आगेरियस, कायदा लेक्स आक्विलिया, कलम तिसरं, दिवस तीस.